हीट पंप नीट चालत नाही? गॅस भरण्याआधी करायच्या तपासण्या

माझ्या घरच्या हीट पंपात एकाच हिवाळ्यात दोनदा गॅस भरला गेला. पहिल्यांदा दोन आठवडे बरं चाललं. दुसऱ्यांदा तेवढंही नाही, उलट यंत्र दहा-दहा मिनिटांत बंद पडायला लागलं. तिसऱ्या खेपेला आलेल्या माणसाने गॅसचा दाब मोजायचे गेज पिशवीतून बाहेरही काढले नाहीत. त्याने इनडोअर युनिटचं झाकण उघडलं, ब्लोअरच्या पात्यांवरून बोट फिरवलं आणि बोटावर आलेला करडा थर माझ्यासमोर धरला. पात्यांचा खोलगटपणा धुळीने भरून जवळजवळ सपाट झाला होता. पंखा फिरत होता, पण हवा पुढे ढकलली जात नव्हती. गॅस मुळात कमी नव्हताच, आता तो जास्त झाला होता. मग सगळा काढून, वजन करून, पुन्हा भरावा लागला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी वीज, मग हवा, मग बर्फ आणि पाणी, मग सेन्सर, मग व्हॉल्व्ह, आणि गॅस सगळ्यांत शेवटी. यातलं बरंचसं घरच्या घरी तपासता येतं. जे जमणार नाही त्यासाठी मेकॅनिक बोलवायचाच आहे, पण तेव्हा "गरम होत नाही" याच्या पुढचं काहीतरी तुम्हाला सांगता येईल.

बिघाड नसतानाही बिघाड वाटतो तेव्हा

हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उपसून आत आणतो. बाहेर ५ अंश सेल्सिअस असताना आउटडोअर कॉइलमधला गॅस साधारण उणे ५ अंशाच्या आसपास उकळत असतो, त्यामुळे ५ अंशांची हवाही त्याच्या हिशेबाने गरमच असते. तिच्यातली उष्णता तो शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि इनडोअर कॉइल ती उष्णता खोलीत सोडतं. एवढं डोक्यात असलं की निम्म्या शंका मिटतात.

सगळ्यांत नेहमीची तक्रार म्हणजे "हवा कोमट येते". हीट पंपाची हवा साधारण ३२ ते ४५ अंशांची असते. आपल्या हाताची त्वचाच ३३-३४ अंशांची असल्यामुळे ३५ अंशांचा झोत हाताला गरम लागतच नाही. हात धरून निदान करू नका, थर्मामीटर धरा.

दुसरी शंका थंडीत आउटडोअर युनिटवर येणाऱ्या पांढऱ्या थराची. पातळ हिम जमणं ठीकच आहे. यंत्र ठरावीक वेळाने डिफ्रॉस्ट करतं, म्हणजे काही मिनिटं उलटं फिरून आतली उष्णता बाहेरच्या कॉइलकडे पाठवतं. त्या वेळी बाहेरचा पंखा थांबतो, 'फुस्स' असा आवाज येतो, कॉइलमधून वाफेचे लोट निघतात आणि आतली गरम हवा बंद होते किंवा थंड लागते. धूर समजून लोक मेन स्विच बंद करायला धावतात. दोन ते दहा मिनिटांत सगळं आपोआप पूर्ववत होतं. हिम सर्वांत जास्त धरतं ते ० ते ५ अंशांच्या दमट हवेत. कडाक्याच्या कोरड्या थंडीत हवेत पाणीच कमी असल्याने डिफ्रॉस्टही कमी लागतो.

तिसरी गोष्ट, बंद करून लगेच चालू केल्यावर कॉम्प्रेसर तीन-चार मिनिटं सुरू होत नाही. तो मुद्दाम ठेवलेला थांबा असतो. या काळात बटणं दाबत बसलात तर थांबा पुन्हा पहिल्यापासून मोजला जाण्याची शक्यता असते.

हाताशी काय हवं

दोन डिजिटल थर्मामीटर, क्लॅम्प लावता येणारा आणि मायक्रोफॅरड (कपॅसिटरची क्षमता) मोजणारा मल्टिमीटर, टॉर्च, मऊ ब्रश, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली आणि एक वही. वही सगळ्यांत महत्त्वाची. यंत्र नीट चालत असतानाचे आकडे त्यात नसतील तर बिघडल्यावर तुलना कशाशी करणार?

सुरक्षेचं एकदाच सांगतो. झाकण उघडण्याआधी मेन ब्रेकर बंद करा आणि वीज गेल्याची मीटरने खात्री करा. इन्व्हर्टर यंत्रांच्या पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, मोठे कपॅसिटर असतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यांच्यात ३०० व्होल्टांहून जास्त डीसी साठतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. झाकणावर लिहिलेला वेळ थांबा, काहीच लिहिलं नसेल तर किमान दहा मिनिटं. आतल्या पीसीबीची दुरुस्ती घरी करू नये असंच माझं मत आहे. यंत्रावरच्या पट्टीवर आर-२९० लिहिलं असेल तर आत प्रोपेन आहे, म्हणजे ज्वालाग्राही. आर-३२ सुद्धा सौम्य ज्वालाग्राही आहे. गळतीचा संशय असताना जवळ ठिणगी किंवा ज्योत नको.

पहिली पायरी: वीज

यंत्र अजिबात सुरू होत नसेल तर आधी थर्मोस्टॅट किंवा रिमोट बघा. मोड 'हीट'वर आहे का, सेट केलेलं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा जास्त आहे का, बॅटरी जिवंत आहे का? हे लिहायला मलाही संकोच वाटतो, पण एकदा मी स्वतः अर्धा तास आउटडोअर युनिट उघडून बसलो होतो आणि रिमोट 'ड्राय' मोडवर होता.

त्यानंतर ब्रेकर. पडला असेल तर एकदा वर करा. पुन्हा पडला तर हात लावू नका, कारण कॉम्प्रेसरचं वाइंडिंग किंवा वायर अर्थला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या अंगाला, लागत असण्याची शक्यता असते आणि दरवेळी वर करताना तुम्ही त्यात पूर्ण करंट सोडत असता. काही यंत्रांत इनडोअर आणि आउटडोअर युनिटना वेगवेगळे ब्रेकर असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आतला पंखा चालतो, बाहेर मात्र शांतता, तेव्हा हेच आधी बघायचं.

बाहेरून नुसता गुणगुणल्यासारखा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर किंवा पंखा सुरू होत नाही, असं जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या यंत्रात झालं तर पहिला संशय मोटर सुरू करून चालती ठेवणाऱ्या रन कपॅसिटरवर. वरचं टोक फुगलं असेल तर निकाल तिथेच लागला. पण फुगल्याशिवायही कपॅसिटर कमजोर होतो, म्हणून मोजावाच. वीज बंद करा, २० किलोओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर टोकांवर पाच सेकंद धरून चार्ज उतरवा आणि तो शून्यावर आल्याचं मीटरने बघा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत विसरून जा. मग वायरींचा फोटो काढून त्या सोडवा आणि मोजा. अंगावर ३५ मायक्रोफॅरड, ±५ टक्के लिहिलं असेल तर आकडा ३३.२५ ते ३६.७५ च्या मध्ये हवा. २८ आला तर कपॅसिटर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरड तंतोतंत तोच, व्होल्टेज तेवढाच किंवा जास्त. दुहेरी कपॅसिटरला तीन टोकं असतात: सामाईक, पंखा आणि कॉम्प्रेसर. मोजताना सामाईक टोकापासून दोन्हीकडे वेगवेगळं मोजायचं.

दुसरी पायरी: हवा

माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त दोष इथे सापडतात आणि सगळ्यांत कमी लोक इथे बघतात.

फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा बल्ब स्पष्ट दिसत नसेल तर तो तुंबलाय. धुण्याजोगा असेल तर कोमट पाण्याने, धूळ बसली आहे त्याच्या उलट बाजूने धुवा. ४० अंशांपेक्षा गरम पाण्याने जाळी वाकडी होते. सावलीत पूर्ण वाळवा, मगच बसवा. मोसमात यंत्र रोज चालत असेल तर महिन्यातून एकदा तरी हे करायलाच हवं.

फिल्टर स्वच्छ असूनही झोत मंद असेल तर टॉर्च घेऊन ब्लोअर बघा. भिंतीवरच्या युनिटमध्ये हा लांबट दंडगोल असतो, झडपेतून आत दिसतो. पात्यांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. कडांवर लोकरीसारखा थर असेल तर ब्रश आणि कॉइल क्लीनरने साफ करावा लागेल, खाली प्लास्टिकची पिशवी बांधून. काम घाणेरडं आहे, खरं सांगायचं तर वैतागवाणं, पण फरक त्याच दिवशी कळतो. पात्यावर एका जागी लावलेली छोटी क्लिप दिसली तर ती कचरा समजून काढू नका, ते तोल साधण्याचं वजन असतं.

बाहेरच्या कॉइलवर पानं, धूळ, धागे बसतात. फिन्सच्या उभ्या दिशेने मऊ ब्रश, मग साधी पाण्याची धार. प्रेशर वॉशर मारला तर पातळ ॲल्युमिनियमच्या फिन्स आडव्या होतात आणि मग हवेला वाटच राहत नाही. युनिटच्या मागे आणि पुढे मोकळी जागा किती हवी ते मॅन्युअलमध्ये असतं. पुढ्यात ठेवलेलं कपाट किंवा वाढलेलं झुडूप हेही 'बिघाड' असू शकतं, कारण युनिट स्वतःचीच थंड हवा पुन्हा ओढत राहतं.

आता मोजा. यंत्र हीटिंगवर पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरात चालू द्या. एक थर्मामीटर हवा आत ओढली जाते तिथे, दुसरा झोताच्या तोंडाशी. दोन्हींतला फरक सौम्य थंडीत साधारण १० ते २० अंश असतो, बाहेर फार गारठा असेल तर कमी होतो. कूलिंगमध्ये ८ ते १२ अंश.

या एका आकड्यावरून पुढची दिशा ठरते. फरक नेहमीपेक्षा मोठा, हवा बरीच गरम, पण झोत मंद आणि खोली तापत नाही: हवेचा मार्ग अडलाय. थोडी हवा कॉइलवर जास्त वेळ रेंगाळून तापते, पण एकूण उष्णता खोलीत कमीच पोचते. आतला दाब वाढून यंत्र मधेच बंदही पडतं. माझ्याकडे नेमकं हेच चाललं होतं. झोत जोरदार पण फरक जेमतेम चार-पाच अंश: मग गॅस, रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह (गॅसची दिशा उलटवून हीटिंग-कूलिंग बदलणारा) किंवा कॉम्प्रेसर. दोन थर्मामीटर आणि वीस मिनिटांत एवढं कळत असताना लोक थेट गेज का लावतात, कोण जाणे.

तिसरी पायरी: बर्फ

पातळ हिम आणि बर्फाचा गोळा यांत फरक करायला शिका. हिमातून फिन्सच्या रेघा दिसतात. सगळं कॉइल आणि पंख्याची जाळी जाड, काचेसारख्या बर्फाने झाकली गेली असेल आणि दीड-दोन तासांत ती सुटत नसेल, तर डिफ्रॉस्ट होत नाही किंवा अपुरा होतो आहे.

आधी बर्फ काढा. यंत्र बंद करा आणि कोमट पाणी हळूहळू वरून सोडा. उकळतं पाणी नको, आणि सुरी, पेचकस किंवा हातोडी तर मुळीच नको. फिन्सच्या मागची तांब्याची नळी इतकी पातळ असते की एका टोच्याने सगळा गॅस निघून जातो. पाणी जिथे वाहत जाईल तिथे ते पुन्हा गोठून घसरडं होईल, याचाही विचार करा.

मग कारण शोधा. बर्फ कुठे होता यावरून बरंच कळतं. फक्त तळाशी असेल तर वितळलेलं पाणी निघून जात नाही, म्हणजे तळाची भोकं तुंबली आहेत किंवा युनिट जमिनीला टेकलंय. वरून खाली ओघळल्यासारखा असेल तर छपराचं पाणी थेट युनिटवर पडतंय, त्यात यंत्राचा काही दोष नाही. कॉइलच्या एका भागातच दाट आणि उरलेला भाग कोरडा असेल तर गॅस कमी असण्याचा संशय धरा. सगळीकडे सारखा असेल तर बाहेरचा पंखा फिरतो का ते पाहा, मग डिफ्रॉस्टचा सेन्सर आणि बोर्ड.

चौथी पायरी: सेन्सर

कॉइलला चिकटवलेला सेन्सर हा बहुधा थर्मिस्टर असतो. थंडीत त्याचा रोध वाढतो, उष्णतेत कमी होतो. बऱ्याच यंत्रांत २५ अंशांना १० किलोओहम असतो, काहींत ५ किंवा २०. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

घरच्या घरी तपासायचा तर सेन्सरचा कनेक्टर बोर्डावरून काढा, टोकांना ओहम मीटर लावा. ग्लासात भरपूर बर्फ आणि थोडं पाणी घेऊन सेन्सरचं टोक त्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. ० अंशांना १० किलोओहमचा सेन्सर साधारण तिपटीवर जातो. मग तेच टोक मुठीत धरा, आकडा सलग खाली उतरत यायला हवा. मधेच उडी मारली, किंवा वायर हलवल्यावर बदलला, तर सेन्सर गेला. आकडे ठीक असतील तर सेन्सर त्याच्या क्लिपमधून निसटून नुसता लोंबकळत नव्हता ना, हे आठवून पाहा. निसटलेला सेन्सर हवेचं तापमान सांगतो, बोर्डाला वाटतं कॉइल गरम आहे, आणि डिफ्रॉस्ट कधीच सुरू होत नाही. दुरुस्ती काय, तर क्लिप पुन्हा घट्ट बसवणं.

पाचवी पायरी: हीट लावल्यावर थंड हवा

डिफ्रॉस्टची दहा मिनिटं सोडली तरी थंडच हवा येत असेल तर रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह. थर्मोस्टॅट नुकताच बदलला असेल तर आधी त्याची सेटिंग पाहा. काही यंत्रांत व्हॉल्व्हच्या कॉइलला कूलिंगमध्ये वीज मिळते, काहींत हीटिंगमध्ये. थर्मोस्टॅटला चुकीचं सांगितलं की सगळं उलटं चालतं आणि व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष असतो.

व्हॉल्व्ह म्हणजे आउटडोअर युनिटमधली आडवी पितळी नळी, एका बाजूला एक पाइप, दुसऱ्या बाजूला तीन. एकटा पाइप कॉम्प्रेसरमधून येतो, तो सगळ्यांत गरम. तीनांपैकी मधला कॉम्प्रेसरकडे परत जातो, तो थंड. बाजूच्या दोघांपैकी एक गरम, एक थंड. म्हणजे नीट चालताना दोन गरम, दोन थंड. मधला पाइप त्याला गॅस देणाऱ्या थंड पाइपपेक्षा स्पष्ट गरम असेल तर आतली सरकपट्टी मधेच अडकून गरम गॅस गळत आहे. पाइपांवर हात ठेवू नका, एकटा पाइप भाजतो. थर्मामीटरचा प्रोब टेकवा.

विजेची कॉइल बिघडली असेल तर ती बदलणं सोपं आहे, गॅस काढावा लागत नाही. फक्त कॉइल व्हॉल्व्हवरून उपसून ठेवून तिला वीज देऊ नका, आत लोखंडी गाभा नसला की ती मिनिटांत जळते. व्हॉल्व्हच अडकला असेल तर यंत्र चालू असताना मोड दोन-तीनदा बदलून पाहा, मधे थांबा देऊन. पट्टी दाबाच्या फरकानेच सरकते, कॉम्प्रेसर बंद असताना ती हलत नाही. तरीही नाही सुटली तर व्हॉल्व्ह बदलायचं काम नळ्या तापवून डाख देण्याचं आहे, घरचं नव्हे.

पाणी गळणं, आवाज आणि वाढलेलं बिल

आतून पाणी टपकत असेल, तेही कूलिंग किंवा ड्राय मोडमध्ये, तर दहापैकी नऊदा ड्रेनमध्ये शेवाळ असतं. बाहेरच्या टोकाला ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम लावून ओढा आणि ट्रेमध्ये एक ग्लास पाणी ओतून ते बाहेर येतंय का बघा. पाइपाला सलग उतार हवा, मधे झोळ नको.

खडखड आवाज बहुधा सैल स्क्रूचा किंवा पंख्यात अडकलेल्या काडीचा. घासल्याचा आवाज बेअरिंगचा. सुरू होताना कॉम्प्रेसरचा मोठा ठोका ऐकू आला तर लेखाचा शेवटचा परिच्छेद वाचा.

घर गरम आहे, पण बिल एकदम वाढलं, तर यंत्राला जोडलेला विजेचा पूरक हीटर चालत राहतो आहे का ते पाहा. ५ किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण २२ अँपिअर ओढतो. क्लॅम्प मीटरने त्याची वायर एका नजरेत कळते. सौम्य थंडीत तो चालता कामा नये. रात्री तापमान खूप खाली आणून सकाळी एकदम वर नेण्याची सवय असेल तर तेही कारण आहे, कारण मोठा फरक दिसला की थर्मोस्टॅट पूरक हीटरला बोलावतो.

शेवटची पायरी: गॅस

गॅस खर्च होत नाही. पेट्रोलसारखा तो दरवर्षी भरायचा नसतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो आहे, आणि गळती न शोधता भरला तर तो पुन्हा जाणार.

तुम्हाला बघता येतं ते एवढंच: पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटांभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग आहे का? गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. तिथे साबणाचं पाणी फवारा आणि एक मिनिट टॉर्चखाली टक लावून बघा, बारीक गळतीचे बुडबुडे हळूहळू वाढतात.

पुढचं काम परवानाधारक माणसाचं, पण तो काय करतो ते पाहायला हरकत नाही. उरलेला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढणं, नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासणं, जोड दुरुस्त करणं, व्हॅक्यूम पंपाने दाब ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे निर्वाताचं माप) खाली आणून तो टिकतो का बघणं आणि शेवटी पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस वजनकाट्यावर भरणं. काटा न आणता नुसत्या गेजवर अंदाजाने भरणाऱ्याला मी आता फाटकातूनच परत पाठवतो. जुन्या यंत्रात आर-२२ असेल आणि गळती कॉइलच्या आत असेल, तर दुरुस्तीपेक्षा नवं यंत्र घेण्याचा हिशेब आधी करून पाहा.

पुन्हा सुरू करताना

यंत्राचा मेन स्विच थंडीत बराच काळ बंद राहिला असेल तर लगेच चालवू नका. कॉम्प्रेसरच्या तेलात थंडीने द्रव गॅस मिसळून बसतो आणि सुरू होताना ठोका बसतो. कॉम्प्रेसरला तळाचा हीटर असेल तर मेन चालू करून थर्मोस्टॅट बंद ठेवा, मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ, बहुधा १२ ते २४ तास. मग हीटिंग लावा, वीस मिनिटांनी दोन्ही थर्मामीटर वाचा, आउटडोअर युनिटचा करंट घ्या आणि बाहेरच्या तापमानासकट तारीख घालून वहीत लिहा.